दुकानातील स्वयं-बिलिंग यंत्रे आणि त्यांचे नियमन : सांगली, मिरज व कुपवाडच्या ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या शहरांतील मॉलमध्ये रुळलेली ‘सेल्फ चेकआउट’ यंत्रे आता मध्यम शहरांतील दुकानदारांनाही खुणावू लागली आहेत. ग्राहक मार्गदर्शनाचे काम करताना या यंत्रांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. काही उत्तरे कायद्याची आहेत आणि काही माझ्या मताची. मत आहे तेथे तसे म्हटले आहे.

स्वयं-बिलिंग यंत्र म्हणजे नेमके काय?

कॅशियरचे काम ग्राहकाने स्वतः करायचे, अशी ही व्यवस्था आहे. ग्राहक पाकिटावरचा बारकोड काचेसमोर धरतो, सुटा माल असल्यास पडद्यावरून त्याचे नाव निवडून तो काट्यावर ठेवतो, यूपीआयने किंवा कार्डाने पैसे भरतो आणि बिल घेऊन बाहेर पडतो. गणपती पेठेतल्या किराणा दुकानात यादी दिली की माल बांधून मिळतो, आणि मोजणे, बेरीज करणे व त्यात काही चुकले तर निस्तरणे ही सारी कामे दुकानदाराची असतात. यंत्रासमोर ती सगळी ग्राहकाकडे सरकतात, मात्र त्याबद्दल बिलात एक रुपयाही कमी होत नाही. अर्थात दूध, ब्रेड आणि काडेपेटी एवढेच घेणाऱ्याला महिन्याचा बाजार भरलेल्या गाडीमागे ताटकळावे लागत नाही, ही सोय खरी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही.

या यंत्रांसाठी भारतात वेगळा कायदा आहे का?

फक्त या यंत्रांसाठी केलेला कायदा नाही. तरीही यंत्र बसवले म्हणून दुकान कायद्याच्या बाहेर जात नाही. वजनासाठी वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ आहे. छापील किमतीसाठी त्याखालील आवेष्टित वस्तू नियम, २०११ आहेत. बिल, परतावा आणि अनुचित व्यापारी प्रथांसाठी ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आहे. ग्राहकाच्या माहितीसाठी डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आहे. यांपैकी एकाही कायद्यात ‘बिल माणसाने केले असेल तरच’ अशी अट नाही. यंत्र दुकानदाराने निवडले, त्यात किमती त्याने भरल्या आणि पडद्यावरच्या यादीतली नावेही त्यानेच ठेवली. त्यामुळे यंत्राच्या चुकीचे उत्तरही त्यानेच द्यायचे आहे.

यंत्रातील वजनकाट्यावर शासनाचा शिक्का असावा लागतो का?

असावाच लागतो. ज्या काट्याच्या आकड्यावरून मालाची किंमत ठरते, तो वापरात आणण्यापूर्वी पडताळून मुद्रांकित करून घेणे २००९ च्या अधिनियमाच्या कलम २४ नुसार बंधनकारक आहे, आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर बारा महिन्यांनी करावी लागते. बाजारात ज्याला आपण वजनमापे खाते म्हणतो, त्या वैध मापनशास्त्र यंत्रणेचे निरीक्षक हे काम करतात. पडताळणीचे प्रमाणपत्र ग्राहकाला दिसेल अशा जागी असावे. भाजीवाल्याच्या काट्याला जो न्याय, तोच या यंत्राला.

येथे एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. या यंत्रांत बहुधा दोन काटे असतात. पहिला सुट्या मालाचे वजन करून किंमत काढतो. दुसरा पिशवी ठेवण्याच्या पट्टीखाली दडलेला असतो आणि त्याचे काम राखणदाराचे असते : स्कॅन केलेल्या वस्तूचे संगणकात नोंदवलेले वजन आणि पट्टीवर प्रत्यक्ष वाढलेले वजन जुळते की नाही, एवढेच तो पाहतो. फरक पडला की दिवा लागतो आणि कर्मचाऱ्याला बोलावण्याची सूचना येते. घरून आणलेली कापडी पिशवी पट्टीवर ठेवली, लहान मुलाने हात टेकला किंवा कंपनीने पुडा बदलल्यामुळे वेष्टनाचे वजन थोडे वाढले, तरीही हा दिवा लागू शकतो. म्हणून त्या दिव्याला पुरावा मानता येत नाही. त्यावरून कर्मचाऱ्याने येऊन पाहावे, इतकाच त्याचा अर्थ आहे.

पहिल्या काट्याविषयीही ग्राहकाने थोडे जाणून घ्यावे. काट्याच्या पाटीवर कमाल क्षमता, किमान क्षमता आणि पडताळणी अंतर, म्हणजे वजन वाचण्याचा लहानात लहान टप्पा, लिहिलेले असते. तीस किलो क्षमतेच्या आणि पाच ग्रॅम अंतराच्या दुकानी काट्याची किमान क्षमता शंभर ग्रॅम असते. म्हणजे त्याखालचे वजन करण्यासाठी तो काटा मुळात नाहीच. बटाटे किंवा ज्वारी घेताना पाच ग्रॅमने काही बिघडत नाही, परंतु वीस ग्रॅम वेलदोडे त्याच काट्यावर ठेवले तर पाच ग्रॅमची चूक म्हणजे मालाचा चौथा हिस्सा झाला. मसाल्याचे महाग पदार्थ सुटे विकणाऱ्या दुकानाने त्यासाठी वेगळा, सूक्ष्म काटा ठेवला पाहिजे आणि तो नसल्यास ग्राहकाने असा माल यंत्रावर घेऊ नये.

तिसरा मुद्दा धड्याचा, म्हणजे रिकाम्या भांड्याचे वजन वजा करण्याचा. किराणा दुकानदार बरणीत किंवा डब्यात माल देताना आधी रिकाम्या भांड्याचा धडा करून घेतो. यंत्रात हेच काम एका बटणाने होते, पण ते बटण ग्राहकाला सापडले नाही तर डब्याचे वजनही बदामाच्या भावाने लागते. मापात पाप होण्यासाठी कोणाच्या मनात पाप असावेच लागते असे नाही. पडद्यावरचे एक बटण कोपऱ्यात लपले तरी पुरते.

फळीवर एक किंमत आणि यंत्रावर दुसरी दिसली तर कोणती खरी?

वेष्टित वस्तूच्या बाबतीत पाकिटावर छापलेली कमाल किरकोळ किंमत ही वरची मर्यादा आहे. ती सर्व करांसहित असते आणि तिच्यापेक्षा जास्त रक्कम कोणत्याही किरकोळ विक्रेत्याला घेता येत नाही, मग ती माणसाने मागितलेली असो की यंत्राने. फळीवर छापील किमतीपेक्षा कमी भाव लिहिला असेल आणि यंत्र जास्त लावत असेल, तर छापील किमतीचे उल्लंघन होत नाही. पण एक भाव दाखवून दुसरा आकारणे ही दिशाभूल आहे आणि तिची तक्रार ग्राहक संरक्षण कायद्याखाली करता येते.

अशा तफावतीचे कारण बहुतेक वेळा साधे असते. बारकोडमध्ये किंमत नसते. भारतीय कंपन्यांच्या मालावर ८९० ने सुरू होणारा तेरा आकडी बारकोड आपण नेहमी पाहतो. त्यात केवळ वस्तूची ओळख असते आणि किंमत दुकानाच्या संगणकातून येते. फळीवरची चिठ्ठी बदलली आणि संगणकातली नोंद तशीच राहिली, किंवा एकाच बारकोडचा जुना व नवा माल वेगवेगळ्या छापील किमतींसह शेजारी शेजारी लागला, की घोटाळा होतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आणि जुन्या साठ्यावर सुधारित किंमत लावण्याची मुभा देण्यात आली, तेव्हा एकाच वस्तूवर दोन किमती ही गोष्ट घरोघरी परिचयाची झाली. काउंटरवरच्या माणसाला पाकीट दाखवून ‘अहो, ही किंमत बघा’ असे म्हणता येते, यंत्राला म्हणता येत नाही. म्हणून किंमत दुरुस्त करण्याचा अधिकार असलेला कर्मचारी यंत्राजवळ उभा असणे ही माझ्या मते चैन नसून गरज आहे.

सुट्या मालाला दुकानच वजन करून चिकटवते, त्या चिठ्ठीची गोष्ट निराळी असते. तिचा बारकोड २ या आकड्याने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा रक्कम भरलेली असते. ती चिठ्ठी वाचून पाहावी, कारण चूक झालीच तर ती यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झालेली असते.

एखादी वस्तू स्कॅन करायची राहून गेली तर ती चोरी ठरते का?

सर्वांत जास्त भीती याच प्रश्नामागे असते, विशेषतः वयस्क ग्राहकांच्या मनात. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार चोरीसाठी अप्रामाणिक हेतू असावा लागतो. साबणाची वडी पिशवीच्या तळाशी राहिली किंवा स्कॅनरने ‘टिक्’ असा आवाज केला असे वाटले पण नोंद झालीच नाही, तर ती चूक आहे, चोरी नव्हे. त्याच कलमात अशीही तरतूद आहे की, मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, आरोपी पहिल्यांदाच दोषी ठरला असेल आणि त्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली असेल, तर शिक्षा समाजसेवेची होते. अर्थात हा सगळा पुढचा, न्यायालयातला भाग आहे. दुकानाच्या दाराशी होणारी मानहानी त्याआधीच होऊन गेलेली असते.

दाराशी बिल दाखवण्याची विनंती करण्यात गैर काही नाही आणि ग्राहकानेही त्यात अपमान मानू नये. मात्र खासगी सुरक्षारक्षकाला पोलिसांचे अधिकार नसतात. त्याने संमतीशिवाय पिशवीची किंवा अंगाची झडती घेणे, रस्ता अडवणे किंवा खोलीत बसवून ठेवणे हे कायद्यात बसत नाही. कारण नसताना वाट अडवणे हा गैरनिरोध आणि कोंडून ठेवणे हा गैरपरिरोध असून न्याय संहितेची कलमे १२६ आणि १२७ त्यांच्याविषयी आहेत. दुकानाला खरोखर संशय असेल तर त्याने पोलिसांना बोलवावे.

आता थोडे स्वतःचे. एका दुकानात मी सुटा बेदाणा यंत्रावर घेतला. पडद्यावर बेदाण्याची चार चित्रे होती, चारही जवळजवळ सारखीच, आणि माझ्याकडून हिरव्याऐवजी महागडा प्रकार निवडला गेला. पैसे भरल्यावर चूक लक्षात आली. फरक मागितला तेव्हा ‘बटण तुम्हीच दाबले ना’ असे उत्तर मिळाले. बेदाण्याच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला बेदाणा ओळखता आला नाही, हे कबूल करताना मला थोडी लाज वाटली हेही खरे. पण घरी परतताना एक विचार मनातून जाईना. हीच चूक उलट्या दिशेने झाली असती, म्हणजे महागडा बेदाणा घेऊन मी स्वस्ताचे चित्र दाबले असते आणि दाराशी तपासणी झाली असती, तर ‘बटण तुम्हीच दाबले ना’ या शब्दांचा अर्थ पार बदलला असता. ग्राहकाच्या तोट्याची चूक ही त्याची बेफिकिरी आणि दुकानाच्या तोट्याची चूक ही त्याची लबाडी, असे दोन न्याय एकाच यंत्राला लावता येणार नाहीत. नियमनाची गरज मला सर्वांत जास्त येथे वाटते. बिल झाल्यावर ठरावीक वेळेत दाखवलेली चूक कोणत्याही बाजूची असली तरी कटकटीशिवाय दुरुस्त झाली पाहिजे, आणि पहिल्या चुकीसाठी संशयित म्हणून कोणाचे छायाचित्र साठवले जाता कामा नये.

मोबाइल क्रमांक टाकल्याशिवाय यंत्र पुढे जात नाही. तो द्यावाच लागतो का?

नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना सूचना दिली होती की, बिल देण्यासाठी किंवा सेवा देण्यासाठी मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये. डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत; त्यांच्या मुळाशी असलेले तत्त्व असे की माहिती कशासाठी हवी ते सांगून, मोकळेपणाने दिलेल्या संमतीनेच ती घ्यावी. पडद्यावर ‘क्रमांक टाका’ हे बटण हिरवे आणि मोठे, तर ‘क्रमांकाशिवाय पुढे जा’ ही ओळ करड्या रंगात तळाशी असेल, तर ती संमती मोकळी म्हणता येत नाही.

पिशवीचे किंवा देणगीचे पाच-दहा रुपये आपोआप बिलात धरले जाणे हा याच जातीचा प्रकार आहे. आधी ठळकपणे न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये एका मोठ्या साखळीच्या प्रकरणात म्हटले आहे. पैसे भरण्याआधी यादी एकदा वरून खाली वाचावी.

यंत्र रोख पैसे घेत नाही. दुकान रोख नाकारू शकते का?

बहुतेक यंत्रे फक्त यूपीआय आणि कार्ड घेतात. आपल्याकडे कायद्याचा कल आजवर दुसऱ्या दिशेने राहिला आहे : पन्नास कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या व्यवसायाने ठरावीक डिजिटल मार्ग उपलब्ध ठेवावेत, असे आयकर कायद्यात सांगितले गेले, दुकानात रोखीचा एक काउंटर असलाच पाहिजे, असे तितक्या स्पष्टपणे कोठे म्हटलेले नाही. न्यूयॉर्क शहराने २०२० मध्ये दुकानांना रोख नाकारण्यास मनाई केली. असा नियम आपल्याकडेही हवा, असे माझे मत आहे आणि त्यासाठी सांगलीकरांना फार समजावून सांगावे लागू नये. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी शहरात शिरले, वीज गेली, मोबाइल सेवा कोलमडली, तेव्हा ज्यांच्या घरात नोटा होत्या त्यांनाच दूध आणि मेणबत्त्या विकत घेता आल्या. सगळे काउंटर काढून केवळ यंत्रे ठेवलेले दुकान अशा दिवशी गोदाम बनते.

पडद्यावर मराठी असणे बंधनकारक आहे का?

आज नाही. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ मध्ये दुरुस्ती होऊन दुकानाची पाटी मराठीत, देवनागरी लिपीत असणे सक्तीचे झाले. पण ती सक्ती पाटीपुरती आहे. पाकिटांवरचा मजकूरही हिंदी किंवा इंग्रजीत असला तरी आवेष्टित वस्तूंच्या नियमांना चालतो. त्यामुळे पाटी मराठीत आणि आतला पडदा इंग्रजीत, असे दुकान आज कायदेशीर आहे. माझ्या मते पडद्याची पहिली भाषा मराठी असावी आणि मालाची नावे बाजारात बोलतात ती असावीत. ‘शेपू’ आणि ‘चाकवत’ इंग्रजीत शोधायला लावणे हा ग्राहकाला चुकायला लावण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

अंध, हात थरथरणाऱ्या किंवा चाकाच्या खुर्चीवर बसलेल्या ग्राहकांचा प्रश्न याहून कठीण आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ खासगी सेवांनाही सुगम्यतेचे बंधन घालतो. स्पर्शाने चालणारा गुळगुळीत पडदा अंध व्यक्तीला बिनकामाचा असल्यामुळे आवाजी सूचना किंवा माणूस, यांपैकी एक सोय हवीच.

इतर देशांनी काय केले आहे?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या लाँग बीच शहराने ऑगस्ट २०२५ मध्ये नियम संमत केला : दर तीन यंत्रांमागे एक कर्मचारी असावा आणि यंत्रावर एका वेळी पंधरापेक्षा जास्त वस्तू घेऊ नयेत. त्याआधी पूर्ण कॅलिफोर्निया राज्यासाठी मांडलेले विधेयक २०२४ मध्ये मंजूर होऊ शकले नव्हते. कायद्याची वाट न पाहता काही दुकानांनीही माघार घेतली. उत्तर इंग्लंडमधील बूथ्स या साखळीने २०२३ मध्ये दोन दुकाने वगळता सर्व ठिकाणची यंत्रे काढण्याचे जाहीर केले, आणि अमेरिकेतील डॉलर जनरलने २०२४ मध्ये हजारो दुकानांतून ती हटवली, त्यामागे चोरीने किंवा चुकीने घटणाऱ्या मालाचे कारण मोठे होते. म्हणजे यंत्राने वाचवलेला पगार दुसऱ्या वाटेने गेला. तेथील आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत, कारण तेथे कर्मचाऱ्याचा पगार हा दुकानाचा फार मोठा खर्च असतो. आपल्याकडे त्या खर्चाचे प्रमाण वेगळे असल्यामुळे, यंत्रांची घाई कशासाठी, हा प्रश्न दुकानदारांनीच स्वतःला विचारावा.

कॅशियरच्या नोकऱ्यांचे काय?

नोकऱ्या एकदम जात नाहीत, पण पाच काउंटरच्या जागी दोन उरतात आणि सुटून गेलेल्या मुलीच्या जागी नवी भरती होत नाही. हे काम बहुतांश बारावी किंवा पदवीनंतर घराजवळ नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींचे असते. उरलेल्या एका कर्मचाऱ्याने सहा यंत्रांचे दिवे विझवत पळायचे आणि दिवसभर ग्राहकांची बोलणीही खायची, ही अवस्था पाहिली की लाँग बीचचा तिनास एक हा नियम कर्मचाऱ्याच्याही बाजूचा आहे हे कळते.

असे नियम आपली महापालिका करू शकते का?

महापालिकेपेक्षा हे काम राज्याच्या हातातले आहे. वजनमापांची मानके ठरवणे केंद्राकडे असले तरी बाकीची वजनमापे हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत आहे, राज्यांतर्गत व्यापार राज्यसूचीत आहे आणि २००९ च्या अधिनियमाच्या कलम ५३ खाली राज्य शासनाला नियम करता येतात. त्यामुळे मागणी करायची तर ती आमदारांकडे आणि राज्याच्या अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभागाकडे करावी.

नियमांमुळे लहान किराणा दुकानदार अडचणीत येईल का?

येणार नाही. त्याच्याकडे यंत्रच नाही.

तक्रार कोठे करावी?

आधी दुकानाच्या व्यवस्थापकाकडे लेखी तक्रार द्यावी आणि प्रतीवर पोच घ्यावी. वजनाची किंवा छापील किमतीची तक्रार असल्यास जिल्ह्यातील वैध मापनशास्त्र कार्यालयाकडे जावे. इतर बाबींसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तेथे बहुतेक किरकोळ प्रकरणे बोलण्यातूनच मिटतात. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरून दावा दाखल करता येतो. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि पुण्यातील दुकानाविरुद्धचा दावाही सांगलीत राहणाऱ्याला सांगलीतच करता येतो.

बिल किती दिवस जपून ठेवावे?

आयोगाकडे दाव्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे आहे, तेव्हा महागड्या वस्तूचे बिल निदान तेवढे दिवस ठेवावे. यंत्रातून निघणारा कागद उष्णतेने छापला जातो आणि सांगलीच्या एका उन्हाळ्यातही कोरा पडू शकतो. म्हणून दुकानाच्या बाहेर पडण्यापूर्वी बिलाचे छायाचित्र काढावे, आणि सुटा माल घेतला असल्यास त्याची चिठ्ठीही त्याच छायाचित्रात येईल असे पाहावे.